परदेशी निघालात? आधी विम्याचा कागद वाचा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही वस्तीतल्या विहारात नेहमीप्रमाणे फॉर्म भरायला बसलो होतो. दाखल्यांचे अर्ज, रेशनकार्डात नाव घालणे, शिष्यवृत्तीचे कागद अशी कामे तेथे दर रविवारी चालतात. एक मावशी आणि त्यांची सून प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या. मुलगा शारजाला ए.सी. दुरुस्तीच्या कामावर गेलेला. जाऊन सात आठवडे झाले होते. पोटात दुखू लागले तरी दोन दिवस तो गोळ्या खाऊन कामावर जात राहिला. तिसऱ्या दिवशी खोलीवर कोसळला. अपेंडिक्स फुटले होते. ऑपरेशन झाले, जीव वाचला. पण इस्पितळाचे बिल मोबाईलवर आले तेव्हा घरातल्यांचे हातपाय गळाले. त्याच्या चार-पाच महिन्यांच्या पगाराएवढी ती रक्कम होती.

सूनबाई म्हणाली, "भाऊ, एजंटने विमा काढून दिला होता. त्याचे पैसेही घेतले होते. हा बघा कागद."

आम्ही कागद हातात घेतला. विमा होता, पण तो प्रवासाचा होता, तीस दिवसांचा. तीस दिवस तर कधीच उलटून गेले होते. आणि मुलगा गेला होता तो कामाच्या परवान्यावर नव्हे, पाहुणा म्हणून भेटीच्या व्हिसावर. "तिकडे पोहोचल्यावर व्हिसा बदलून देऊ," असे एजंटने सांगितले होते.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पर भाऊ, इमा म्हंजी माणूस मेल्यावर मिळतो त्योच ना? माझं पोरगं तर जित्तं हाय."

या एका प्रश्नाने आम्हाला हा लेख लिहायला लावला. आपल्या घरांत विमा म्हणजे एल.आय.सी. आणि एल.आय.सी. म्हणजे माणूस गेल्यावर मिळणारा किंवा मुदत संपल्यावर मिळणारा पैसा, एवढेच बहुतेकांना ठाऊक आहे. जिवंत माणसाच्या आजारपणाचा खर्च भागविणारा विमा निराळा, त्याचे कागद निराळे, त्याच्या अटी निराळ्या. आपली मुले आता दुबईला, शारजाला, रियाधला, दोह्याला जातात. गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर, नर्स, आचारी म्हणून जातात. जाताना घरी पासपोर्ट, तिकीट आणि पगार यांचीच चर्चा होते. आजारी पडलास तर काय, हे कोणी विचारत नाही. ते विचारले पाहिजे आणि निघण्याआधी विचारले पाहिजे.

विमा हा कामगाराचा हक्क

गिरणीत, कारखान्यात काम केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ई.एस.आय.चे कार्ड चांगले ठाऊक आहे. कामगार आजारी पडला तर त्याने सावकाराच्या दारी जाऊ नये, हा त्यामागचा विचार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आज त्या योजनेत कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापला जातो आणि मालक शेकडा सव्वातीन रुपये भरतो.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, आखातात गेलेला आपला माणूस कंपनीच्या विमा कार्डाकडे मालकाची मेहेरबानी म्हणून पाहतो. कार्ड वापरले तर मालक रागावेल, पगार कापेल, नोकरी जाईल, या भीतीने तो दुखणे अंगावर काढतो. तिकडच्या कायद्यानेही विमा हा कामगाराचा हक्क आहे, हे त्याला येथूनच माहीत असले पाहिजे.

विम्याचे तीन कागद आहेत. एक येथून निघताना काढायचा, दुसरा तेथे मालकाने द्यायचा आणि तिसरा मागे राहिलेल्या घरासाठी. तिन्हींचे काम वेगळे. एकाच्या भरवशावर दुसरा सोडू नये.

पहिला कागद : प्रवासी भारतीय विमा योजना

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ई.सी.आर. अशी नोंद असते. म्हणजे सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया यांसारख्या ठरवून दिलेल्या देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची परवानगी लागते. ही परवानगी उत्प्रवासी संरक्षक, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, या कार्यालयाकडून मिळते. परवानगीसाठी प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी सक्तीची आहे. ही योजना २००३ साली सुरू झाली आणि २०१७ साली तिच्यात सुधारणा झाल्या.

सुधारलेल्या योजनेत हप्ता ठरला तो दोन वर्षांना २७५ रुपये आणि तीन वर्षांना ३७५ रुपये. कर वेगळा. आम्ही कारकून माणसे, भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. दोन वर्षांच्या पॉलिसीला महिन्याला साडेअकरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यात मिळते ते असे :

अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर १० लाख रुपये.

आजार किंवा दुखापतीमुळे इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर १ लाख रुपयांपर्यंत खर्च. मात्र एका वेळच्या दाखल्याला ५० हजारांची मर्यादा.

नोकरीच्या संबंधात कोर्टकचेरी करावी लागली, तर ४५ हजार रुपयांपर्यंत खर्च.

नोकरीला गेलेल्या स्त्रीच्या बाळंतपणासाठी ३५ हजार आणि ऑपरेशन करावे लागल्यास ५० हजार रुपयांपर्यंत.

आता यातल्या उणिवाही समजून घ्या. १० लाख रुपये अपघातासाठी आहेत. माणूस झोपेत हृदयविकाराने गेला तर तो अपघात धरला जात नाही. त्यासाठी आयुष्याचा विमा, ज्याला टर्म इन्शुरन्स म्हणतात तो, वेगळा काढावा लागतो. दुसरे म्हणजे, एका वेळेचे ५० हजार रुपये तिकडच्या खाजगी इस्पितळाच्या बिलापुढे फार थोडे आहेत. म्हणून हा कागद जरूर काढावा, पण हाच आपला आरोग्य विमा असे समजू नये.

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागते. आपल्या पुष्कळ घरांत दहावी पास झालेली ही पहिलीच पिढी आहे. दहावी झाला म्हणजे पासपोर्टवरची ई.सी.आर.ची अट सुटते. घरात पेढे वाटले जातात. पण त्या अटीबरोबर सरकारची तपासणी सुटते आणि सक्तीचा विमाही सुटतो. एजंटला हे बरोबर ठाऊक असते. मावशींचा मुलगा दहावी पास होता. त्यामुळे त्याचा करारनामा कोणी पाहिला नाही आणि विम्याचे कोणी विचारले नाही. शिकलेल्या मुलाची चौकशी सरकार करीत नाही, तेव्हा ती घराने केली पाहिजे. त्याने निदान अपघात विम्याची वैयक्तिक पॉलिसी तरी काढावी आणि ती परदेशात लागू आहे काय, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

दुसरा कागद : मालकाने द्यायचा विमा

खरा आधार हा दुसरा कागद आहे. दुबईत २०१३ साली आरोग्य विम्याचा कायदा झाला. कामगाराचा विमा मालकाने आपल्या खर्चाने काढावा, असे त्यात आहे. हप्त्याची रक्कम कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. बायको-मुलांना तेथे बोलावून घेतले असेल, तर त्यांच्या विम्याची जबाबदारी बोलावून घेणाऱ्याची, म्हणजे त्या कामगाराचीच. अबुधाबीत असा कायदा २००५ सालीच झाला होता. शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, रास अल खैमा आणि फुजैरा या उरलेल्या पाच अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून खाजगी कंपन्यांतील कामगारांना आणि घरकाम करणाऱ्यांना विमा सक्तीचा झाला. सौदी अरेबियात १९९९ च्या कायद्याने खाजगी मालकावर परदेशी कामगाराच्या विम्याची जबाबदारी आहे.

म्हणजे मावशींचा मुलगा शारजाला गेला तेव्हा तेथे विम्याची सक्ती होती. मग त्याला विमा का मिळाला नाही? कारण ही सक्ती कामाच्या परवान्याला आणि रहिवासाच्या व्हिसाला जोडलेली आहे. भेटीच्या व्हिसावरचा माणूस सरकारच्या दप्तरी कामगारच नाही. तो मालकाकडे राबत असला तरी कागदावर पाहुणा आहे. त्या व्हिसावर काम करणे हा तिकडे गुन्हाही आहे. म्हणून मोठ्या पगाराच्या आमिषानेही भेटीच्या व्हिसावर कामाला जाऊ नये. विम्याची निवड व्हिसापासूनच सुरू होते, हे घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे.

आता मालकाचा विमा मिळाला तरी सगळे फुकट असते काय? तसे नाही. बिलातला काही भाग आपल्याला द्यावा लागतो. त्याला को-पेमेंट म्हणतात. शारजा आणि इतर चार अमिरातींसाठी २०२५ साली जी मूळ योजना आली, तिचा हप्ता वर्षाला ३२० दिरहम ठरला. तिच्यातील हिशेब उदाहरण घेऊन पाहू.

इस्पितळात दाखल झालात आणि बिल ६,००० दिरहम झाले. कामगाराचा वाटा शेकडा २०, म्हणजे १,२०० दिरहम. पण एका वेळेला ५०० दिरहमांची आणि वर्षाला १,००० दिरहमांची मर्यादा आहे. म्हणून तुम्ही ५०० द्यायचे, बाकीचे विमा कंपनी देणार.

नुसते डॉक्टरला दाखवायला गेलात आणि बिल २०० दिरहम झाले. तुमचा वाटा शेकडा २५, म्हणजे ५० दिरहम. बिल ६०० झाले तर हिशेबाने १५० येतात, पण एका भेटीला १०० च्या वर द्यायचे नाहीत.

औषधांचे शेकडा ३० तुमचे, आणि वर्षाला १,५०० दिरहमांपर्यंतचीच औषधे विम्यात.

हा हिशेब येथे मुद्दाम मांडला आहे. मावशींच्या मुलाजवळ हा मूळ विमा असता, तर यादीतल्या इस्पितळात त्याचे ऑपरेशन ५०० दिरहमांत झाले असते. पहिल्याच दिवशी तो डॉक्टरकडे गेला असता तर अपेंडिक्स फुटण्यापर्यंत कदाचित पाळी आली नसती. विमा नसलेला माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो आणि दुखणे वाढवून घेतो. पैशाच्या नुकसानीपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

"यादीतल्या" हा शब्दही ध्यानात ठेवा. विमा कंपनीची ठरलेली इस्पितळे, दवाखाने आणि औषधांची दुकाने असतात. त्यांना नेटवर्क म्हणतात. स्वस्त विम्याचे नेटवर्क लहान असते. कामगारांची राहण्याची जागा शहराबाहेर आणि यादीतला दवाखाना तासाभराच्या अंतरावर, असे होऊ शकते. तेथे पोहोचल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी आपल्या खोलीजवळचा यादीतला दवाखाना कोणता, तो पाहून यावा. आजारी पडल्यावर शोधू म्हणणे बरे नाही.

आजारपणाच्या रजेचाही येथेच विचार करावा. अमिरातींच्या २०२१ च्या कामगार कायद्यात, सुरुवातीचा उमेदवारीचा काळ संपल्यावर, वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा आहे. पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा पगार, उरलेले ४५ दिवस बिनपगारी. विमा इस्पितळाचे बिल भरतो, घरी पाठवायचा पैसा भरत नाही. म्हणून पहिल्या वर्षी दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला टाकावी. भिशी फोडून दूरदर्शन संच घेण्याआधी हे करावे.

तिसरा कागद : मागे राहिलेल्या घरासाठी

येथे आपल्या लोकांची फार मोठी चूक होते. येथील नोकरी सोडून माणूस परदेशी जातो. त्या नोकरीत ई.एस.आय. असते. आई-वडिलांचे, बायकोचे, मुलांचे औषधपाणी त्या कार्डावर चाललेले असते. नोकरी सुटली, वर्गणी थांबली की काही महिन्यांत ते कार्डही थांबते. तिकडून पैसे येऊ लागतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मग एके दिवशी वडिलांना दाखल करावे लागते आणि खिडकीवरचा माणूस सांगतो, हे कार्ड चालणार नाही.

म्हणून जाण्याआधी घराची व्यवस्था लावावी. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात आहेत. पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही रेशनकार्ड असले तरी चालते. मात्र ठरलेल्या आजारांचे ठरलेल्या इस्पितळांतच उपचार होतात. साध्या तापाला, बाहेरच्या औषधाला ती लागू नाही. इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो, दाखल होण्याआधी त्याला भेटावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रेशनकार्डात घरातल्या प्रत्येकाचे नाव हवे. सून घरात येऊन चार वर्षे झाली तरी तिचे नाव माहेरच्या कार्डात, नातवाचे नाव कोठेच नाही, असे आम्ही दर रविवारी पाहतो.

ज्यांना परवडेल त्यांनी कुटुंबाची मेडिक्लेम पॉलिसीही घ्यावी आणि तीत परदेशी जाणाऱ्याचे नाव अवश्य ठेवावे. कोणी म्हणेल, तो तर तिकडे, ही पॉलिसी बहुधा भारतातल्याच उपचाराला लागू, मग त्याचा हप्ता कशाला? कारण असे आहे. मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार असले तर विमा कंपनी काही काळ त्या आजारांचा खर्च देत नाही. २०२४ च्या नियमांनी हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा ठरविला आहे. आपला माणूस दहा-पंधरा वर्षे तिकडे राबतो आणि पंचेचाळिशीत, पन्नाशीत साखर व रक्तदाब घेऊन परत येतो. त्या दिवशी तिकडचा विमा संपलेला असतो, येथे नोकरी नसते, आणि नवी पॉलिसी घेतली तर तीन वर्षे थांबा. तो तिकडे असतानाच पॉलिसी चालू ठेवली, तर हा थांबण्याचा काळ आधीच संपलेला असतो. सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीच्या आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा जी.एस.टी. काढून टाकल्याने हप्ता थोडा हलकाही झाला आहे. मात्र परदेशी राहण्याची गोष्ट कंपनीला सांगूनच पॉलिसी चालू ठेवावी.

आजार लपवू नका

आखातात जाण्याआधी डॉक्टरी तपासणी होते. क्षयरोग, एच.आय.व्ही., कावीळ वगैरे तपासले जाते आणि फिट असा शेरा मिळतो. हा शेरा व्हिसासाठी आहे. विम्याच्या फॉर्मवर मागचे आजार विचारतात, तो प्रश्न वेगळा. एजंट घाईघाईने सगळीकडे "नाही" अशी खूण करून टाकतो. पुढे मूतखडा निघाला, जुने कागद पाहिले, की कंपनी म्हणते, माहिती लपविली, पैसे मिळणार नाहीत. खरे लिहिले तर हप्ता थोडा वाढेल किंवा काही काळ थांबावे लागेल. पण पुढे दावा नाकारण्याचे निमित्त राहणार नाही. वर सांगितलेल्या ३२० दिरहमांच्या योजनेत तर जुनाट आजारांसाठी थांबण्याची अटच नाही. मग लपवायचे कशाला? फॉर्म स्वतः वाचा, स्वतः भरा. इंग्रजी येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीला समोर बसवा.

शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी

आनंदाची गोष्ट अशी की, आपली काही मुले आता शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत शिकायला जाऊ लागली आहेत. त्यांचा विम्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ शिकायला जाणाऱ्याला व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्याला तो वर्षाला ७७६ पौंड असा झाला आणि सगळ्या मुदतीचा एकदम भरायचा असतो. त्यानंतर तेथील सरकारी इस्पितळांत त्याच्यावर उपचार होतात. वेगळी पॉलिसी घ्यायलाच हवी असे नाही. पोहोचल्यावर जवळच्या डॉक्टरकडे नाव मात्र नोंदवावे. अमेरिकेत असा अधिभार नाही. तेथे बहुतेक विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांना विमा घ्यायलाच लावतात. तो घेताना डिडक्टिबल म्हणजे काय ते विचारावे. वर्षातला पहिला ठरावीक खर्च तुमचा, त्यानंतर कंपनीचा, असा त्याचा अर्थ. हप्ता स्वस्त दिसतो तेथे ही रक्कम बहुधा मोठी असते. शिष्यवृत्तीच्या मंजुरीपत्रात विम्याचा हप्ता धरला आहे काय, हे निघण्याआधी वाचावे. धरला असेल तर पावती जपून ठेवावी. पावतीशिवाय पैसा मिळत नाही.

एजंटला आणि कंपनीला विचारायचे प्रश्न

घरातल्या कोणीतरी हे प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत आणि उत्तरे लेखी मागावीत.

१. व्हिसा कोणता? नोकरीचा की भेटीचा?

२. विमा कोणता? प्रवासाचा, अपघाताचा की आजारपणाचा?

३. तो कोणत्या तारखेला सुरू होतो व कोणत्या तारखेला संपतो?

४. हप्ता कोण भरणार? पगारातून कापणार नाही, हे करारात आहे काय?

५. बिलातला आपला वाटा किती आणि त्याला वरची मर्यादा किती?

६. राहण्याच्या जागेजवळ यादीतले इस्पितळ कोणते?

७. नोकरी बदलली तर जुना विमा कधी बंद होतो आणि नवा कधी सुरू होतो? मधल्या दिवसांचे काय?

८. वारस म्हणून कोणाचे नाव घातले आहे?

शेवटच्या प्रश्नाविषयी थोडे अधिक सांगतो. वारसाचे नाव पासपोर्ट, आधार आणि बँकेचे पुस्तक या तिन्ही ठिकाणी सारखेच असावे. बायकोचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे, असे असले म्हणजे दावा महिनोन्‌महिने अडकतो. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घरी ठेवाव्यात. विमा कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून बायकोच्या मोबाईलवर पाठवावा. पॉलिसीचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरमागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला तरी चालेल.

मावशींच्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याच्या खोलीतल्या मुलांनी वर्गणी काढली. त्यांत केरळचे होते, बिहारचे होते, एक पाकिस्तानचाही होता. उरलेल्या पैशासाठी येथे सूनबाईचे मंगळसूत्र गहाण पडले आणि महिला मंडळाच्या बचत गटाने कर्ज दिले. मुलगा परत आला. पाच महिने तो घरीच होता, कर्ज फेडण्यासाठी मिळेल ते काम करीत होता.

आता तो पुन्हा निघाला आहे. या वेळी नोकरीच्या व्हिसावर. जाण्याआधीच्या रविवारी तो कागदांची पिशवी घेऊन विहारात आला. सोबत मावशी होत्या आणि सूनबाई होती. आम्ही कागद पाहायला हात पुढे केला, तर सूनबाई म्हणाली, "थांबा भाऊ, आधी मी सांगते, मग तुम्ही तपासा." तिने एकेक कागद सतरंजीवर ठेवला. हा कंपनीचा करार, यात विमा मालकाने भरायचा असे लिहिले आहे. ही अपघाताची पॉलिसी, वारस मी. हे रेशनकार्ड, यात आता माझे आणि बाळाचे नाव आहे. ही मेडिक्लेमची पावती, पहिला हप्ता भरला.

आम्ही सगळे वाचून पाहिले. एका ठिकाणी तिच्या नावात एक अक्षर चुकले होते. तेवढे सुधारून आणायला सांगितले.

मावशींनी आमच्याकडे पाहून विचारले, "आता समदं बराबर हाय न्हवं?"

आम्ही म्हणालो, "मावशी, आम्हाला काय विचारता? सूनबाईला विचारा. तिने वाचले आहे."